पंच्याण्णव गोळ्यांची बंदूक

खऱ्या लष्करी रायफलची सुरुवात कागदावर होते. सैन्याची मागणी, आराखडा, नमुना, वाळूत आणि चिखलात चाचण्या, आणि एवढ्यातून तगली तर मग जवानाच्या हातात. जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’ (१९८६) या चित्रपटातल्या एम-४१ए पल्स रायफलचं सगळं उलट्या क्रमाने घडलं. ती आधी पडद्यावर धडधडली, तिचा तांत्रिक तपशील नंतर लिहिला गेला.

लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत चित्रीकरण होतं. कॅमेरॉनच्या कल्पनेतल्या बंदुकीला आकार द्यायचं काम चित्रपटांना शस्त्रं पुरवणाऱ्या ‘बाप्टी’ कंपनीचे सायमन अ‍ॅथर्टन यांच्याकडे आलं. त्यांनी पोटात घातली थॉम्पसन एम१ए१, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली टॉमी गन. तिच्या नळीखाली रेमिंग्टन ८७० ही छाटलेली शॉटगन ग्रेनेड लाँचर म्हणून बसवली, फ्रांकी स्पास-१२ या इटालियन शॉटगनचा जाळीदार भाग पुढे लावला, आणि वरून नवं कवच चढवलं. भविष्यातल्या सैनिकांच्या हाती चाळीस वर्षं जुनी यंत्रणा! पण त्यामागे व्यवहार होता. बिनगोळीची काडतुसं भरून थॉम्पसन खरोखर चालते, तोंडाशी जाळ काढते, नटाच्या खांद्याला धक्का देते. तो धक्का अभिनयाने आणता येत नाही. कवचाचा रंग मुळात तपकिरी होता. चित्रपटाच्या निळसर प्रकाशात तो हिरवट दिसला आणि हुबेहूब प्रतिकृती बनवणारे हौशी लोक त्यावरून वर्षानुवर्षं भांडत राहिले.

हा मार्ग नवा नव्हता. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये साम्राज्याचे सैनिक असलेल्या स्टॉर्मट्रूपरच्या हातातलं ब्लास्टर म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांनी तिच्या नळीवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि वर दुर्बीण चिकटवली, की झालं आकाशगंगेतलं शस्त्र. याच स्टर्लिंगच्या धर्तीची कार्बाइन कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार व्हायची. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी साम्राज्याच्या सैनिकांकडे पुन्हा एकदा निरखून पाहावं.

कॅमेरॉनचं वेगळेपण मात्र काडतुसात आहे. ही रायफल दहा मिलिमीटरची, टोकाशी स्फोटक असलेली, पुंगळी नसलेली काडतुसं झाडते. हा तपशील निव्वळ शोभेचा नाही. सैनिक अणुभट्टीच्या शीतकरण यंत्रणेखाली उतरतात तेव्हा नायिका रिप्ली त्यांच्या लेफ्टनंटला विचारते, या बंदुका कसल्या गोळ्या मारतात? उत्तर ऐकल्यावर मॅगझिन काढून घ्यायचा हुकूम सुटतो, आणि पुढचा संहार जवळपास निःशस्त्र माणसांचा होतो. काडतुसाच्या जातीवर कथानक फिरवणारे दिग्दर्शक मला तरी फार आठवत नाहीत.

पुंगळीशिवाय काडतूस ही तेव्हाची हवेतली कल्पनाही नव्हती. जर्मनीत हेकलर अँड कॉख कंपनी जी-११ या रायफलवर कित्येक वर्षं खपत होती. ४.७३ मिलिमीटरची गोळी दारूच्याच घट्ट ठोकळ्यात बसवलेली. पितळ गेलं की वजन घटतं, त्यामुळे सैनिक जास्त गोळ्या बाळगू शकतो. पण पितळेची पुंगळी बाहेर पडताना उष्णताही घेऊन जाते. ती नसली तर नळीचा मागचा भाग तापत राहतो आणि चाप न ओढताच काडतूस पेटतं. डायनामिट नोबेलने जास्त तापमान सोसणारी दारू बनवून हा दोष बराचसा आवरला. तोवर जर्मनीचं एकीकरण झालं, शीतयुद्ध सरलं, आणि जी-११ फौजेत व्यापक प्रमाणात आलीच नाही. पडद्यावरच्या रायफलला हे काहीच सोसावं लागलं नाही. गंमत अशी, की आत थॉम्पसन असल्याने तिच्यातून चित्रीकरणात पितळी पुंगळ्याच उडत होत्या.

तांत्रिक तपशील आला तो १९९५ मध्ये, ली ब्रिमिकॉम्ब-वुड यांच्या ‘कलोनियल मरीन्स टेक्निकल मॅन्युअल’मधून. त्यांनी लष्करी पुस्तिकेच्या कोरड्या भाषेत काडतुसाची मापं दिली आणि चित्रपटातल्या विसंगतींनाही कारणं शोधली. पडद्यावर बंदुकीवरचा लाल अंकांचा मोजक ९५ दाखवतो, मग मॅगझिन ९९ गोळ्यांचं ठरलं, आणि अडकू नये म्हणून चार कमी भरायच्या. खऱ्या शस्त्रांचे इतिहासकार पुराव्याला शरण जातात. यांच्याकडे पुरावा म्हणजे चित्रपटाची काही मिनिटं, आणि त्यांनी त्याच्याशी दाखवलेली निष्ठा थक्क करणारी आहे.

तो मोजकच पुढे सगळ्यात लांब पोचला. २००१ च्या ‘हेलो’ या व्हिडिओ गेममधल्या रायफलच्या पाठीवर उरलेल्या गोळ्यांचा आकडा झळकतो, साठपासून खाली. खेळणाऱ्याला तो पडद्याच्या कोपऱ्यात शोधावा लागत नाही, बंदुकीवरच दिसतो.