उन्हाळी, धातू की परमा?

वऱ्हाडात मे महिन्यात लघवीला जळजळ झाली, तर पहिलं निदान घरातच होतं. "उन्हाळी लागली असन, धन्याचं पाणी पे." अकोल्याचा पारा 45 च्या पुढे गेलेला असतो, अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी थोडी आणि पिवळी होते. त्यामुळे हे निदान बहुतेक वेळा बरोबरही निघतं. सबजा, ताक, माठातलं पाणी, की दोन दिवसांत आराम. पण उन्हाळी लागल्यावर चड्डीवर पिवळट-हिरवट डाग पडत नाहीत. तसा डाग पडला, तर ती जळजळ परम्याची, म्हणजे गोनोरियाची, असण्याची शक्यता मोठी.

डाग पाहून माणूस बहुधा दुसऱ्या चुकीकडे वळतो. 'धातू चालली', म्हणजे वीर्य गळतंय, म्हणून घाबरतो आणि भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' वाल्यांकडे जातो. त्याला हसायचं कारण नाही. गोनोरिया या ग्रीक शब्दाचा अर्थच 'बीजाचा स्राव'. जुन्या ग्रीक वैद्यांचीही हीच समजूत होती. आपला परमा आला प्रमेहावरून, आणि आयुर्वेदाच्या वीस प्रमेहांत तर मधुमेहही मोडतो. म्हणजे नाव दोन्हीकडे फसलेलंच. बाहेर येतं ते वीर्य नसतं, तो पू असतो.

त्या पुवातला जंतू 1879 साली आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. कॉफीच्या दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींना चिकटवाव्यात, तशी या जंतूची जोडी दिसते. तो माणसाखेरीज कोणात नांदत नाही आणि वाळला की लवकर मरतो. म्हणून परमा संडासातून किंवा टॉवेलवरून लागल्याच्या गोष्टींवर फारसा विश्वास ठेवू नये. तो लागतो संभोगातून, त्यात तोंडाचा आणि गुदद्वाराचा संबंधही आला.

आपल्या कातडीवर पेशींचे थरावर थर असतात, तिथे या जंतूचं काही चालत नाही. मूत्रनलिकेच्या आत, गर्भाशयाच्या मुखाच्या आत, गुदाशयात मात्र उभ्या पेशींचं एकपदरी अस्तर असतं. विहिरीत पडलेली बादली काढायला गळ टाकतात, तसे हा जंतू आपले केसासारखे तंतू त्या अस्तरावर टाकतो. फरक इतकाच, की दोर ओढून तो स्वतःच पेशीला जाऊन भिडतो. एकदा भिडला, की लघवीच्या धारेनेही धुऊन निघत नाही. मग धन्याचं पाणी काय करणार? पुढे पेशीच त्याला पोटात घेते आणि तो पलीकडे अस्तराखाली उतरतो.

आता शरीराला खबर लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू गिळतात आणि ढिगाने मरतात. तो ढीग म्हणजे पू, आणि सुजलेल्या अस्तरावरून लघवी गेली की आग. पुरुषाला हे बहुधा संबंधानंतर दोन ते सात दिवसांत जाणवतं. गिळलेले काही जंतू पांढऱ्या पेशीच्या पोटातही जिवंत राहतात. शिवाय हा जंतू अंगावरची प्रथिनं सारखी बदलतो, त्यामुळे शरीराला त्याची ओळख पटत नाही आणि एकदा बरा झालेल्यालाही परमा पुन्हा होतो.

उपचार न करताही काही आठवड्यांत पू आणि आग ओसरू शकते, आणि श्रेय खात्रीशीर इलाजवाल्याच्या पुडीला जातं. जंतू मात्र आतच राहू शकतो, वृषणाशेजारच्या नळीपर्यंत चढून सूज आणू शकतो, क्वचित रक्तातून सांध्यांत उतरतो.

बाईच्या बाबतीत हा आजार जास्त लबाड आहे. निम्म्याहून अधिक बायकांना काहीच जाणवत नाही. जाणवलंच तर अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, मधेच रक्त दिसणं. पांढरं जाण्याची कारणं अनेक असतात, बहुतेकदा ते परम्याचं नसतंच, म्हणून खऱ्या परम्याकडेही 'अशक्तपणा' म्हणून दुर्लक्ष होतं. तोवर जंतू गर्भाशयातून बीजनलिकांत चढतो. नलिका सुजतात, आतून चिकटतात. मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच रुजतो आणि जिवावर बेततं. आईला परमा असेल तर बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांत जंतू जातो. पहिल्या काही दिवसांतच पापण्या पुवाने भरतात आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

पुरुषाचं निदान सोपं. पुवाचा थेंब काचेवर घेऊन रंगवला, की पांढऱ्या पेशींच्या पोटात गुलाबी जोड्या दिसतात. बाईच्या तपासणीला कल्चर किंवा जनुकीय चाचणी लागते. औषधांत पेनिसिलिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या जंतूने कधीच पचवली आहेत. आता मुख्य भरवसा सेफ्ट्रियाक्सोनच्या इंजेक्शनाचा आणि त्याच जातीच्या औषधांचा, म्हणून मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या मागून घेण्यात अर्थ नाही. सरकारी दवाखान्यांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये या तक्रारीसाठी राखाडी रंगाचं पाकीट ठरलेलं आहे. सोबतीला असू शकणाऱ्या क्लॅमिडिया या दुसऱ्या जंतूचाही विचार त्यात केलेला असतो.

तिथे डॉक्टर जोडीदारालाही औषध देऊ म्हणतात आणि दोघांचे उपचार होऊन सात दिवस जाईपर्यंत संबंध नको, असं सांगतात. "तिले तं काईच त्रास नाई," असं बहुतेक नवरे म्हणतात. डॉक्टर तरी तिला बोलावतातच.