मांडवीकाठच्या सोप्या वाटा : घड्याळाआधी ओहोटी बघा

गोव्याला जायचं ठरलं की घरातल्या प्रत्येकाच्या मनात वेगळा गोवा असतो. मुलांना समुद्रात डुंबायचं असतं, तरुणांना फोटो काढायचे असतात आणि आजी-आजोबांची एकच काळजी असते, ‘वाळूत आमचे गुडघे चालतील का?’ बऱ्याचदा मग आजी-आजोबा हॉटेलच्या व्हरांड्यात बसतात आणि बाकीचे भटकून येतात. पण पणजी शहरात आणि आसपास अशा काही वाटा आहेत, जिथे तिन्ही पिढ्या बरोबर चालू शकतात. चढ नाही, दमछाक नाही आणि बघायला भरपूर.

या वाटा आहेत मांडवी नदीच्या मुखाशी. कर्नाटकातल्या भीमगडच्या डोंगरात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. इथे गोडं पाणी आणि खारं पाणी एकमेकांत मिसळतं, म्हणून इथली झाडं, मासे, खेकडे, पक्षी सगळंच वेगळं आहे. फक्त ते दिसायला हवं तर एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे वेळ. आणि ही वेळ घड्याळाआधी पाण्याला विचारायची.

तिथीवरून ओहोटी ओळखा

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. गोव्यात ओहोटीला ‘सुकती’ म्हणतात. भरतीच्या वेळी खाडीवर गेलात तर नुसतं पाणी दिसेल. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्ष्यांचं ताट वाढलं जातं. त्यामुळे ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी परत चढू लागेपर्यंत थांबा.

कोकण किनाऱ्यावर जुन्या लोकांचा एक साधा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठ-साडेआठला. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे. तेव्हा भरती सव्वाअकराच्या सुमारास येते आणि ओहोटी संध्याकाळी पाचनंतर.

थोडक्यात, सकाळी फिरायचं असेल तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम, संध्याकाळी जायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचे. हा अंदाज आहे, म्हणून निघण्यापूर्वी मोबाइलवर त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्या. पण मुलांना हा हिशोब आजोबांनीच करायला शिकवावा. कॅलेंडरवरची तिथी उपवासाखेरीज आणखी कशाला उपयोगी पडते, हे त्यांना कळेल.

पहिली वाट : कांपाल ते मिरामार

सुरुवात सगळ्यात सोप्या वाटेनं करा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या कला अकादमीपासून मिरामारपर्यंतचं अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर आहे. रमतगमत पाऊण तास लागतो. जमीन सपाट आहे, सावलीला जुनी झाडं आहेत आणि दमलात तर रिक्षा-टॅक्सी हाताशी आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी हीच वाट निवडावी.

मिरामारला नदी आणि समुद्र एकत्र येताना दिसतात. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधीही इथेच आहे. हिवाळ्यात पाण्याच्या कडेला कुरव आणि सुरय पक्ष्यांचे थवे उतरतात. मुलांना त्यांच्यामागे धावू देऊ नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दर वेळी उडावं लागलं तर त्याची खाण्याची वेळ आणि ताकद दोन्ही वाया जातात.

दुसरी वाट : पाटोची कांदळवनं

पणजीच्या बसस्थानकाजवळच्या पाटो भागात ओरें खाडी आहे. एका बाजूला फोंतेन्हासची रंगीत घरं, दुसऱ्या बाजूला कार्यालयांच्या इमारती आणि मधोमध कांदळवन. या झाडांमधून चालण्यासाठी उंचावर बांधलेला मार्ग आहे. दुरुस्तीसाठी तो कधी बंद असू शकतो, म्हणून आधी चौकशी करा.

इथे मुलांना एक खेळ द्या. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं शोधायला सांगा. ती तिवराची. चिखलात हवा नसते म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. तिवराच्या पानाच्या पाठीवर कधी कधी मिठाचे कण दिसतात, कारण जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. कमानीसारख्या मुळांवर उभं असलेलं झाड दिसलं तर तो कांदळ. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लटकत राहतं. खाली चिखलात निवट्या उड्या मारताना दिसेल. हा मासा आहे, पण ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर मजेत वावरतो. एक नांगी भलीमोठी आणि एक इवलीशी असे खेकडे दिसले तर ते नर समजा.

तिसरी वाट : रायबंदरहून चोडण

पणजीहून रायबंदरला जाणारा सरळ रस्ता म्हणजे पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला लिन्हारेस पूल. सुमारे तीन किलोमीटरच्या या रस्त्याच्या एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला एकेकाळची मिठागरं आहेत. इथे रहदारी बरीच असते, त्यामुळे लहान मुलांना घेऊन सगळं अंतर चालू नका. बसच्या किंवा गाडीच्या खिडकीतून पाहिलं तरी लांब लाल पायांचे शेकाटे आणि पांढरे बगळे दिसतात.

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं चोडण बेटावर जा. नदी ओलांडायचा हा छोटासा प्रवास मुलांना सहलीइतकाच आवडतो. पलीकडे धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं आहे. वनखात्याचं तिकीट काढून कांदळवनातल्या पायवाटेनं निरीक्षण मनोऱ्यापर्यंत चालता येतं. खंड्या, वंचक, तुतवार सहज दिसतात. चोडणच्या खाड्यांत पाणमांजरंही राहतात. ती दिसणं नशिबाचा भाग, पण चिखलातले ठसे शोधायला काय हरकत आहे? उधाणाच्या दिवसांत मात्र भरतीची वेळ टाळा, कारण वाट ओली आणि निसरडी होते.

चौथी वाट : करमळीचं तळं

कोकण रेल्वेनं येणाऱ्यांसाठी ही वाट अगदी सोयीची. करमळी स्टेशनजवळच गोड्या पाण्याचं मोठं तळं आहे. खाडीच्या चिखलावर न दिसणारी अडई बदकं, कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी इथे दिसतात. काठावरून सकाळचा एक तास फिरलं तरी पुरे. इथे भरती-ओहोटीचा प्रश्न नाही, त्यामुळे वेळ जुळत नसेल त्या दिवशी ही वाट ठेवा.

हा चिखल नसेल तर?

‘छे, किती घाण चिखल!’ खाडीकाठी हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण तुमच्या जेवणातली कोळंबी, शेवटे, तिसऱ्या आणि कालवं यांचा याच चिखलाशी संबंध आहे. कितीतरी मासे आणि कोळंबीची पिल्लं कांदळांच्या मुळांत लपून वाढतात. ही झाडं तोडली तर मासळी आधी कमी होते आणि मग महाग होते.

गोव्याच्या लोकांनी या पाण्याशी फार पूर्वीच समझोता केला होता. नदीकाठच्या सखल जमिनीला मातीचे बांध घालून त्यांनी ‘खाजन’ शेतं तयार केली. बांधात लाकडी दारं बसवली, त्यांना ‘मानस’ म्हणतात. भरतीचं पाणी ढकलतं तेव्हा दार आपोआप बंद होतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाताना उघडतं. त्यामुळे खाऱ्या पाण्याच्या शेजारी कोरगुट नावाचा भात पिकतो आणि मानशीवर जाळं लावून मासेही मिळतात. ही व्यवस्था गावानं मिळून सांभाळायची असते. बांध दुर्लक्षित राहिला की एका फुटीतून खारं पाणी शिरतं आणि शेतं जातात.

शहरासाठीही या सखल जमिनी महत्त्वाच्या आहेत. पावसाळ्यात मुसळधार सरी आणि भरती एकाच वेळी आली की गटारांचं पाणी नदीत जाऊ शकत नाही. पणजीचा १८ जून रस्ता अशा वेळी पाण्याखाली जातो, हे तिथल्या दुकानदारांना चांगलं ठाऊक आहे. पाणी मुरायला आणि थांबायला जागा ठेवणाऱ्या पाणथळ जमिनी भराव टाकून बुजवल्या तर ते पाणी आपल्या घरात येईल. ही गोष्ट फक्त पणजीची नाही. ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्यांनाही ती लागू आहे.

निघण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

* नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. स्थलांतरित पक्षी असतात आणि उकाडाही कमी असतो.
* चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. टोपी, पाण्याची बाटली आणि डासांसाठी मलम बरोबर ठेवा.
* रंगीबेरंगी कपड्यांऐवजी खाकी, हिरवे किंवा करडे कपडे घाला.
* वाट सोडून चिखलात उतरू नका, तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो. खाड्यांच्या पाण्यातही पाय घालू नका. मांडवीला जुवारीशी जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत.
* पक्ष्यांना खायला घालू नका, मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नका.
* खाऊची वेष्टनं परत आणा. इथे टाकलेली पिशवी पुढच्या ओहोटीला समुद्रात पोहोचते.
* एका दिवशी एकच वाट करा. उरलेला वेळ कोकम सरबत आणि गप्पांसाठी ठेवा.

पक्ष्यांची नावं पाठ नसली तरी बिघडत नाही. तासभर एका जागी बसून पाणी मागे सरकताना पाहणं, कोणता पक्षी आधी उतरतो ते मोजणं, एवढंही पुरेसं आहे. या सहलीत सगळ्यात हळू चालणाऱ्यालाच सगळ्यात जास्त दिसतं. म्हणून पुढच्या वेळी गोव्याचं तिकीट काढताना तारखेबरोबर तिथीही बघा आणि आजी-आजोबांना सांगा की या वेळी पुढे तुम्ही चालायचं, आम्ही मागून येतो.