ग्रीक अक्षरे आणि गुणांची सरासरी

अमेरिकेतील अनेक मोठ्या विद्यापीठांत प्रत्येक सत्राचे निकाल लागले की थोड्याच दिवसांत एक तक्ता प्रसिद्ध होतो. त्यात एकाही विद्यार्थ्याचे नाव नसते. डाव्या बाजूस दोन-दोन, तीन-तीन ग्रीक अक्षरे आणि उजव्या बाजूस दशांश चिन्हांचे आकडे, एवढाच त्याचा मजकूर. ती अक्षरे म्हणजे ‘फ्रॅटर्निटी’ आणि ‘सोरॉरिटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थी-मंडळांची नावे. आकडे म्हणजे त्या मंडळांतील सदस्यांचा सरासरी गुणांक. तळाशी आणखी दोन ओळी असतात : विद्यापीठातील सर्व मुलग्यांची सरासरी आणि सर्व मुलींची सरासरी. मंडळाचा आकडा तळच्या ओळीहून वरचढ निघाला की तो माहितीपत्रकात ठळकपणे छापला जातो आणि नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांपुढे ठेवला जातो. मुलींच्या मंडळांच्या बाबतीत तो बहुधा वरचढ निघतो. मुलग्यांच्या बाबतीत कधी किंचित वर, कधी किंचित खाली.

आकडा खोटा नसतो. परंतु ‘मंडळात गेल्याने अभ्यास सुधारतो, निदान बिघडत तरी नाही’ असा जो अर्थ त्यातून पालकांनी काढावा अशी अपेक्षा असते, तो मात्र त्यातून निघत नाही. गुणपत्रिका आणि टक्केवारी यांच्याशी ज्यांचा नित्याचा संबंध येतो अशा आपल्या शिक्षकवर्गाला ही गोम चटकन उमगेल. हा विषय सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देण्यासारखाही आता राहिलेला नाही. महाराष्ट्रातून तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुले-मुली दरवर्षी या निवडीपुढे उभी राहतात, आणि ज्यांना या प्रथेचा काहीच पूर्वपरिचय नाही असे आईबाप त्या तक्त्यावर भरवसा ठेवतात.

ही मंडळे आहेत तरी काय? वसतिगृह, मित्रमंडळ आणि गुप्त संस्था या तिन्हींचे मिश्रण डोळ्यांपुढे आणले म्हणजे साधारण कल्पना येईल. पुष्कळ ठिकाणी मंडळाचे स्वतःचे घर असते. सदस्य तेथे एकत्र राहतात, जेवतात, समारंभ करतात. दीक्षाविधी असतो आणि तो बाहेर सांगावयाचा नसतो. वर्गणी जबर असते. सदस्यत्व मात्र पदवीनंतरही सुटत नाही. नोकरी शोधताना, व्यवसाय मांडताना जुने ‘बंधू’ आणि ‘भगिनी’ उपयोगी पडतात. या आजन्म ओळखीचेच मोल मोठे मानले जाते.

गंमत अशी की या सगळ्याचा उगम विद्याव्यासंगात आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून जेमतेम पाच महिने झाले असताना, व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजातील काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ नावाचे मंडळ स्थापन केले. ज्ञानाची आवड हीच आयुष्याची मार्गदर्शक, अशा आशयाच्या ग्रीक ब्रीदवाक्याची ती आद्याक्षरे होत. गुप्त खूण, विशिष्ट हस्तांदोलन, पदक हे सारे त्यात होते. पण सभेत चालत असे ते वादविवाद आणि निबंधवाचन. १८३१ च्या सुमारास या मंडळाने गुप्तता टाकली आणि पुढे ते निव्वळ गुणवत्तेचा सन्मान बनले. आज ‘फाय बीटा कॅपा’त निवड होणे म्हणजे अव्वल विद्यार्थी ठरणे. आज जी मंडळे दिसतात त्यांचा वंश मात्र न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात १८२५ ते १८२७ या काळात निघालेल्या तीन मंडळांपासून चालत आला. त्यांनी अक्षरे घेतली, गुप्तता घेतली. निबंधवाचन हळूहळू मागे पडले आणि सहवासाला प्राधान्य आले.

मुलींची कथा थोडी निराळी आहे. १८७० मध्ये इंडियानातील एका महाविद्यालयात (आजचे डीपॉ विद्यापीठ) ‘कॅपा अल्फा थीटा’ हे मंडळ निघाले, तेव्हा तेथे मुलींना प्रवेश मिळून तीनच वर्षे झाली होती. वर्गात मूठभर मुली आणि भोवती त्यांचे तेथे असणेच ज्यांना मान्य नाही असे वातावरण. अशा वेळी एकमेकींचा आधार ही चैन नव्हती. ‘सोरॉरिटी’ हा शब्दही पुढे सिरॅक्यूज विद्यापीठातील लॅटिनच्या एका प्राध्यापकाने भगिनीवाचक लॅटिन शब्दावरून घडविला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केले, त्यामागेही असेच कारण होते. आदल्या वर्षीचे काही कृष्णवर्णीय विद्यार्थी विद्यापीठात परतलेच नव्हते. जे उरले ते अभ्यासासाठी आणि एकमेकांना धरून राहण्यासाठी एकत्र येऊ लागले, त्यातून मंडळ उभे राहिले. पुढे मार्टिन ल्यूथर किंग याच मंडळाचे सदस्य झाले. म्हणून ‘फ्रॅटर्निटी’ म्हटले की श्रीमंतांच्या पोरांचा धांगडधिंगा एवढेच चित्र रंगविणे न्यायाचे नाही. कोणी कशासाठी एकत्र यावे लागले, याचा परिणाम गुणांवरही होत असणार.

आता त्या तक्त्याकडे वळू. अमेरिकेत प्रत्येक विषयाच्या श्रेणीला शून्य ते चार असा अंक देतात आणि त्यांची सरासरी म्हणजे विद्यार्थ्याचा गुणांक. बहुतेक मंडळांत प्रवेशासाठी काही किमान गुणांक लागतो. नंतर तो टिकवला नाही तर सदस्याला समज मिळते, समारंभांना बंदी होते आणि अखेरीस नाव कमी होते. ही शिस्त चांगलीच आहे. पण तिच्यामुळे सरासरीचे काय होते ते पाहा. समजा, एका वर्गात पाच विद्यार्थी आहेत आणि त्यांचे गुणांक ३.८, ३.४, ३.०, २.६ आणि १.७ असे आहेत. वर्गाची सरासरी २.९. मंडळाची अट २.५ ची असल्याने पाचवा बाहेर राहिला. उरलेले चौघे आत गेले. त्यांची सरासरी बसल्या जागी ३.२ झाली! अद्याप मंडळाने त्यांना एक अक्षरही शिकविलेले नाही. आता असे धरू की मंडळातील जागरणांमुळे चौघांचाही गुणांक ०.१ ने घसरला. मंडळाची सरासरी ३.१ झाली आणि वर्गाची २.८२. तक्त्यात मंडळ वर्गाहून सरस दिसणार. चौघांतला एकूणएक जण घसरला असूनही!

दुसरी गफलत याहून सूक्ष्म आहे. अमेरिकेत एकंदरीने मुलींचे गुण मुलग्यांहून अधिक असतात, आणि पुष्कळ विद्यापीठांत मुलींची मंडळे सदस्यसंख्येने मोठी असतात. तेव्हा सर्व मंडळांची मिळून एक सरासरी काढली आणि ती विद्यापीठाच्या एकत्र सरासरीशी ताडून पाहिली, तर मंडळांचे पारडे जड झाल्याचा भास होतो. वास्तविक जड झालेले असते ते मुलींचे पारडे. शिवाय जो विद्यार्थी संध्याकाळी एखाद्या दुकानात काम करून फी भरतो, जो दूरच्या गावाहून रोज येजा करतो, त्याला मंडळाची वर्गणीही परवडत नाही आणि वेळही परवडत नाही. तळच्या ओळीतील ‘सर्व विद्यार्थ्यां’त तो मोडतो. त्याच्याशी तुलना करून मिळविलेला विजय कितीसा अभिमानास्पद मानायचा?

खरी तुलना विद्यार्थ्याची त्याच्याशीच करावयास हवी. आधीचा तो आणि नंतरचा तो. काही विद्यापीठांत पहिल्या सत्राचे गुण हाती आल्याशिवाय मंडळात जाता येत नाही. तेथे अशी तुलना शक्य होते. विल्यम ईव्हन आणि ऑस्टिन स्मिथ या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी (ते मायामी विद्यापीठातले, हे मायामी ओहायोत आहे, फ्लोरिडात नव्हे) नेमके हेच केले. किमान गुणांकाच्या रेषेच्या थोडे वर आणि थोडे खाली असलेले विद्यार्थी एरवी जवळजवळ सारखेच. रेषेवरच्यांना दार उघडे, खालच्यांना बंद. अशा विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल त्यांनी तपासली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की सदस्यत्वामुळे गुण घसरतात. घसरण प्रचंड नाही, पण नगण्यही नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत प्रमाण विचलनाच्या ०.१ ते ०.३ इतकी. पुढील मिळकतीत लाभ झाल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. ज्या युनियन कॉलेजात या प्रथेने मूळ धरले, तेथीलच मारा, डेव्हिस आणि श्मिट या अभ्यासकांनी २०१८ मध्ये एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. गुणांक सुमारे ०.२५ ने घटतो, हे त्यांनाही दिसले. परंतु पुढील आयुष्यात उत्पन्न मात्र सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते, असे त्यांचे अनुमान आहे. दोन्ही निबंध शेजारी ठेवले असता गुण उतरतात याविषयी एकवाक्यता आहे; वाद आहे तो पैशाविषयी. एका लहान महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांवरून सगळ्या देशाचा हिशेब मांडता येणार नाही, हे खरेच. पण ओळखीपाळखीने नोकरी मिळते ही गोष्ट आपल्याला कोणा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने शिकवावी अशी मुळीच नाही. आणि ओळखीचा भाव जर खरोखर विद्येच्या भावाहून चढा असेल, तर ते दूषण मंडळांना देण्याआधी नोकरी देणाऱ्यांना द्यावे लागेल.

संगतीचा परिणाम होतो यात मात्र शंका उरलेली नाही. डार्टमथ कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांना खोलीतले सोबती चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमून दिले जातात. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये त्यांच्यावरून दाखवून दिले की सोबत्याचा परिणाम पहिल्या वर्षाच्या गुणांवर होतो आणि फ्रॅटर्निटीत जावे की नाही या निर्णयावरही होतो. कोणता विषय घ्यावा यावर मात्र होत नाही. एका खोलीतला एक अपरिचित मुलगा इतके करू शकतो, तर एका घरातले चाळीस-पन्नास जण किती करू शकतील?

विद्यापीठांना हे ठाऊक नसते असे कोण म्हणेल? प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रत्येक सत्राचे गुण त्यांच्याच दप्तरी असतात. १९७४ च्या संघराज्याच्या कायद्याने एकेका विद्यार्थ्याचे गुण जाहीर करण्यास बंदी आहे. परंतु आधीची सरासरी आणि नंतरची सरासरी शेजारी-शेजारी छापण्यास कोणताही कायदा आड येत नाही. आड येते ती वेगळीच गोष्ट. मंडळांची घरे शेकडो विद्यार्थ्यांच्या निवासाचा भार परस्पर उचलतात, आणि मंडळांचे जुने सदस्य विद्यापीठांना मोठ्या देणग्या देतात. अशा उपकारकर्त्यांना दुखावणारा रकाना कोण छापणार? विल्यम्स कॉलेजाने १९६२ मध्ये ही मंडळे बंद करण्याचे ठरविले आणि ते तडीस नेले, तेव्हा माजी विद्यार्थ्यांचा रोष ओढवून घ्यावा लागला होता. हार्वर्डने केवळ मुलांच्या वा केवळ मुलींच्या मंडळांवर २०१६ मध्ये आणलेले निर्बंध २०२० मध्ये मागे घेतले. दीक्षाविधीच्या नावाखाली होणारे रॅगिंग हा तर याहून गंभीर प्रकार. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा त्यात बळी गेला. रॅगिंगच्या घटना जाहीर करणे विद्यापीठांवर बंधनकारक करणारा संघराज्याचा कायदा व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडावा लागला. ज्या ठिकाणी जिवाचा हिशेब इतक्या उशिरा मागितला गेला, तेथे गुणांचा हिशेब कोणी मागावा?

१९९८ मध्ये टेक्सासमध्ये भारतीय आणि दक्षिण आशियाई घरांतील विद्यार्थ्यांनी स्वतःची मंडळे काढली : ऑस्टिनला मुलग्यांचे ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ आणि मुलींचे ‘कॅपा फाय गॅमा’, ह्यूस्टनला मुलींचे ‘डेल्टा फाय ओमेगा’. आता त्यांच्या शाखा देशभर पसरल्या आहेत आणि आपली मराठी मुलेही त्यांत दिसू लागली आहेत. घरापासून दूर गेलेल्या मुलीला आपल्यासारख्या चार मैत्रिणी हव्याशा वाटल्या तर त्यात गैर काही नाही. प्रश्न असतो तो तिने केव्हा जावे आणि किती संध्याकाळी द्याव्यात एवढाच. सर्वांत अधिक वेळ जातो तो प्रवेशाच्या पहिल्या सत्रात, दीक्षेपूर्वीच्या त्या काही आठवड्यांत. आणि नेमके तेच सत्र विद्यार्थ्याच्या दृष्टीने नव्या विद्यापीठात पाय रोवण्याचे असते. पुष्कळ विद्यापीठांच्या तक्त्यात नव्या सदस्यांची सरासरी निराळ्या रकान्यात दिलेली असते. माहितीपत्रकात हा रकाना सहसा घेत नाहीत. पालकांनी मूळ तक्ता मागवून आधी तो पाहावा आणि जुन्या सदस्यांच्या आकड्याशी ताडून घ्यावा.