बाळ दूध पिताना दमते? हृदयाचा 'एको' काढून घ्या

शेतकरी बंधूंनो, रोवणीच्या दिवसांत पाट फुटला नि पाणी भलत्याच बांधीत शिरले, तर तुमच्या ते लगेच लक्षात येते. तान्ह्या बाळाच्या छातीतही असेच घडू शकते. पण तिथला पाट डोळ्याला दिसत नाही.

हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. बहुतेकांना पडद्यात छिद्र असते. लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. काही दोष मात्र क्वचित आढळणारे नि घातकी. एकात फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा डावीकडे जायच्या त्या उजवीकडे मिळतात. दुसऱ्यात हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असते. या दुसऱ्या दोषावरची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी लागते. म्हणजे बारसे उरकू, मग बघू, असे म्हणून चालत नाही.

ओळखायचे कसे? बाळ दोन घोट पिऊन दमते, कपाळावर घाम येतो, श्वास भरभर चालतो, वजन वाढत नाही, ओठ-जीभ निळसर दिसते. घरची म्हातारी म्हणते, दृष्ट लागली. कधी न्यूमोनियाचेच औषध चालू राहते. छातीला नळी लावून दरवेळी आवाज ऐकू येतोच असेही नाही.

इथे कामी येतो एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही. बाळ झोपले की काम होते. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी हृदयाची हालचाल प्रथम अशी टिपली, तीही लोखंडातली भेग शोधायच्या यंत्राने! आता पडद्यावर रक्ताची वाट रंगीत दिसते. मात्र लाल म्हणजे शुद्ध नि निळे म्हणजे अशुद्ध, असे समजू नका. रक्त यंत्राकडे येते तेव्हा लाल, दूर जाते तेव्हा निळे, एवढाच त्याचा अर्थ.

बाळाचे हृदय त्याच्या मुठीएवढे. त्यामुळे एको लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञाकडूनच व्हावा. मोठ्यांची तपासणी रोज करणाऱ्याच्या नजरेतूनही असा दोष निसटू शकतो. एकोत उलगडा झाला नाही, तर सीटी स्कॅन करतात.

फुलचूरकरांना गोंदिया शहर हाकेच्या अंतरावर आहे. गंगाबाई स्त्री रुग्णालय तिथेच, नि २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहे. आशाताई ४२ दिवसांत घरी फेऱ्या मारतात, तेव्हा वजन करून घ्याच, आणि दूध पिताना बाळ कसे दिसते तेही त्यांना दाखवा. पुढे पाठवायची वेळ आली तर नागपूर नि रायपूर दोन्ही आपल्याच रेल्वेलाइनवर. नया रायपूरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया मोफत होते.

सरपंच-ग्रामसेवक मंडळींना एकच विनंती. अशा घरचा जन्मदाखला त्याच दिवशी द्या. महात्मा फुले योजनेसाठी तो आणि आईबापाचे रेशनकार्ड सोबत असलेले बरे. आणि बाळाच्या बापा, एकोचा कागद घडी न करता प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. वाटेत बाळाला दूध थोडे थोडे, पण वारंवार पाजायला सांग.