पहिल्या फेरीचा माणूस

नेरळ स्टेशनाजवळून निघालेला माथेरानचा रस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत आठ-नऊ किलोमीटर चढतच राहतो. रविवारी भल्या पहाटे ठाणे, कल्याण, नवी मुंबईकडचे सायकलस्वार इथे येतात आणि सर्वांत हलका गिअर टाकून वळणामागून वळण घेत वर जातात. पलीकडे खालापूर तालुक्यात खोपोलीपासून बोरघाट सुरू होतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा खरा निकाल तिथे लागायचा आणि घाटात सर्वांत पुढे राहणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायचे. आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात सायकलची शर्यत म्हटली, की दम, चढण आणि पायांत भरलेले गोळे आठवतात.

मी लिहितो आहे ती शर्यत मात्र पाऊण मिनिटाच्या आत आटोपते. तिच्यात चढण नाही, गिअर बदलणे नाही, सायकलला ब्रेकसुद्धा नाही. टीम स्प्रिंट हे तिचे नाव. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकपासून पुरुषांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आहे.

व्हेलोड्रोम म्हणजे वळणांवर चाळीस अंशांहून अधिक कललेला अडीचशे मीटरांचा लंबगोल लाकडी ट्रॅक. तिघांचा संघ असतो आणि फेऱ्याही तीनच, म्हणजे अंतर ७५० मीटर. पहिला गडी एक फेरी पुढे राहून ओढतो आणि ती संपताच वर सरकून बाजूला होतो. दुसरा दुसऱ्या फेरीअखेर सुटतो. तिसरा एकटा शेवटची फेरी मारतो आणि त्याचे पुढचे चाक रेषेला लागले, की संघाची वेळ थांबते. पुढच्याने ठरलेल्या जागेआधी आघाडी सोडली किंवा मागच्याने घाईत त्याला ओलांडले, तर केलेली मेहनत फुकट जाते.

सांगायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात थांबलेल्या सायकलवरून सुटून पहिली फेरी जगातले उत्तम संघ सतरा सेकंदांच्या आसपास संपवतात, पुढच्या दोन फेऱ्या प्रत्येकी साधारण बारा सेकंदांत. बारा सेकंदांत अडीचशे मीटर म्हणजे ताशी ७५ किलोमीटर. या सायकलला एकच गिअर असतो आणि पेडल चाकाला बांधलेले, चाक फिरतेय तोवर पायही फिरलेच पाहिजेत. गिअर जड निवडला तर सुटताना सायकल हलत नाही, हलका निवडला तर शेवटी पाय पुरे पडत नाहीत. म्हणून पहिल्याचा गिअर हलका, तिसऱ्याचा जड. आता या जड गिअरवाल्याला हलक्या गिअरवाल्याच्या मागे चिकटून राहायचे असते, कारण वारा पुढच्याने कापला तरच त्याच्या पायांत शेवटच्या फेरीसाठी काही शिल्लक राहते. पहिला फार जोरात सुटला तर मागचे दोघे तुटतात, आणि एकदा पडलेले अंतर भरून काढताना तिसरा रिकामा होतो. तेव्हा तीन वेगवान माणसे गोळा केली म्हणजे संघ झाला, असे इथे होत नाही.

कर्जतला आगगाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. गाडीला घाट चढवून देऊन ती सुटी होतात. पुण्याच्या फलाटावर उतरणाऱ्याला त्यांची आठवणही नसते. टीम स्प्रिंटमधला पहिला गडी तसाच. अंतिम रेषा ओलांडतानाच्या छायाचित्रात तो कुठेच नसतो, पण पहिल्या फेरीत त्याने गमावलेले सेकंदाचे दोन दशांश पुढचे दोघे सहसा परत मिळवू शकत नाहीत. ब्रिटनने बीजिंगला २००८ मध्ये सुवर्ण जिंकले तेव्हा ही जागा जेमी स्टाफकडे होती. तो मूळचा बीएमएक्सचा विश्वविजेता, मातीच्या उंचवट्यांवर सुटण्याचा सराव असलेला. त्याच्यामागे जेसन केनी आणि ख्रिस हॉय. जग हॉयला ओळखते. माझ्या लेखी त्या सुवर्णाचा मोठा वाटा स्टाफचा आहे.

भारताकडे वळू. २९ जुलै २०२२ रोजी राष्ट्रकुल स्पर्धेची टीम स्प्रिंट झाली. स्पर्धा बर्मिंगहॅमची होती, पण ट्रॅक सायकलिंग लंडनच्या ली व्हॅलीत. रोनाल्डो लैतोंजाम, रोजित सिंग आणि डेव्हिड बेकहॅम एल्काटोहचूंगो या तिघांनी पात्रता फेरीत ४४.७०२ सेकंद वेळ दिली. भारत सहावा आला आणि पदकाच्या लढतींबाहेर राहिला. सुवर्ण ऑस्ट्रेलियाने नेले. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या रॉय व्हॅन डेन बर्ग, हॅरी लाव्हरेसन आणि जेफ्री होगलँड यांनी ४०.९४९ सेकंदांचा विश्वविक्रम केला. ट्रॅक वेगळा, दिवस वेगळा, तरी दोन्ही वेळा शेजारी ठेवल्या तर फरक पावणेचार सेकंदांचा भरतो. त्या वेगात ते साधारण साठ-पासष्ट मीटर होतात, म्हणजे पाव फेरी.

हा फरक पाहून खचण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट आन डेर ओडर इथे ज्युनिअर जागतिक स्पर्धेत याच शर्यतीचे सुवर्ण भारताने जिंकले होते. एसो अल्बेन, रोनाल्डो आणि रोजित ही त्या संघातली पोरे. एसो अंदमान-निकोबारचा, बाकीचे दोघे मणिपूरचे. त्या वयोगटात आपली मुले जगात पहिली होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे आणि याची मला खंत वाटते. नावाजलेल्या सायकल कंपन्यांच्या देशांना या मुलांनी मागे टाकले होते. एकाच छताखाली, दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातल्या लाकडी ट्रॅकवर त्यांचा सराव चाले. तो ट्रॅक २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला.

रोनाल्डोने पुढे जून २०२२ मध्ये याच दिल्लीच्या ट्रॅकवर आशियाई स्पर्धेत वैयक्तिक स्प्रिंटचे रौप्य मिळवले. इम्फाळच्या खुमान लम्पाकमध्ये १९९९ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांपासून व्हेलोड्रोम आहे. मणिपूरने फुटबॉल, मुष्टियुद्ध दिले, तसे सायकलपटूही दिले ते उगाच नाही.

महाराष्ट्रात काय? पुण्याला बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळचा उघडा काँक्रीटचा ट्रॅक आहे. उघड्यावरच्या ट्रॅकवर सह्याद्रीचा पाऊस चार महिने सराव करू देत नाही, आणि काँक्रीटवर घोटवलेली सुटण्याची लय लाकडावर पुन्हा जुळवून घ्यावी लागते. तरी माणसे निघाली. २०२२ च्या त्याच राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या टीम स्प्रिंटमध्ये त्रियाशा पॉलबरोबर मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे या दोघी महाराष्ट्राच्या होत्या. संघ सातवा आला. पुरुषांत खेलो इंडियातून पुढे आलेला मयूर पवार हे स्प्रिंटमधले मराठी नाव आहे. पण एकटा मयूर म्हणजे संघ नव्हे. त्याच्यामागे आणि पुढे त्याच वयाचे, त्याच तालमीतले आणखी दोघे हवेत, आणि हेच आपल्याला जमत नाही. आपण एकेकटा सायकलपटू घडवतो, कारण रस्त्यावरची शर्यत एकट्यानेही करता येते. घाट एकट्याला चढता येतो.

‘आपली अंगकाठी या खेळाची नाही’ असेही ऐकू येते. मलेशियाचा अझिझुलहस्नी अवांग उंचीने आपल्याकडच्या सरासरी तरुणाएवढाच आहे. त्याने ट्रॅकवर २०१६ मध्ये ऑलिंपिकचे कांस्य, टोकियोत रौप्य जिंकले आणि मधल्या काळात, २०१७ मध्ये, केरिन या ट्रॅकवरच्याच शर्यतीचा विश्वविजेता झाला. हा प्रश्न हाडांचा कमी, ट्रॅकच्या तासांचा जास्त.

नेरळ, कळंब, कशेळे भागातून शाळेला सायकल मारणाऱ्या मुलांकडे मी या नजरेने पाहतो. घाटातल्या रविवारच्या स्वारांइतकी त्यांची सायकल महाग नाही, पण सुटताना पहिले तीस मीटर ती कशी झेपावतात हे कुणी मोजत नाही. ते मोजायला सपाट रस्त्याचा तुकडा, स्टॉपवॉच आणि एक शिक्षक पुरतो. पहिल्या फेरीचा गडी ओळखायची ती पहिली कसोटी आहे. बाकीचे शिक्षण ट्रॅकवरच होते, आणि त्यासाठी एका गावची तीन मुले चौदा-पंधराव्या वर्षी एकत्र बालेवाडीला राहायला हवीत, चार पावसाळे छताखाली सराव करायला मिळायला हवेत. बालेवाडीच्या ट्रॅकवर छप्पर आले, तर माझ्या मते तो महाराष्ट्राच्या सायकलिंगवरचा गेल्या तीस वर्षांतला सर्वांत उपयोगी खर्च ठरेल.