मोत मावली : वांद्र्याच्या टेकडीवरची दर्याची आई

वांद्र्याच्या टेकडीवरच्या चर्चला पाट्यांवर ‘माउंट मेरी’ म्हटलेलं असतं. पण खालच्या चिंबई कोळीवाड्यात या मातेचं नाव ‘मोत मावली’ आहे. डोंगराला पोर्तुगीज भाषेत ‘मोंत’ म्हणतात आणि मावली ही आपली माउलीच. डोंगराचा शब्द जहाजातून आला, आईचा शब्द इथलाच होता. दर्यावर्दी माणसांनी दोन्ही एकत्र बांधले. खाली मंगळूरच्या किनाऱ्यावरही ८ सप्टेंबरच्या मरियेच्या सणाला ‘मोंती फेस्त’ म्हणतात आणि त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या घरी आणतात. तिथल्या नावातही हाच ‘मोंत’ आहे.

टेकडी समुद्रापासून सुमारे ८० मीटर उंच आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला माहीमची खाडी आणि खाडीच्या तोंडावर १६४० मध्ये पोर्तुगिजांनी बांधलेला वांद्र्याचा किल्ला. आज उंच इमारतींनी समुद्र बराच झाकला आहे. पण होडीतून परतणाऱ्या माणसाला ही टेकडी किती आधाराची वाटत असेल, हे चर्चसमोर दोन मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

इथला इतिहास सोळाव्या शतकात सुरू होतो. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी पोर्तुगालहून मरियेची लाकडी मूर्ती आणली आणि १५७० च्या सुमारास मातीचं छोटं प्रार्थनास्थळ उभारलं. त्याच काळात खाली समुद्रालगत सेंट अँड्र्यू चर्च झालं. संत अँड्र्यू स्वतः मासेमार होता. कोळ्यांच्या वस्तीतल्या चर्चला त्याचं नाव शोभून दिसतं.

मूर्तीच्या दोन कथा भाविक आजही सांगतात. १७०० च्या सुमारास अरब चाचे टेकडीवर चढले. मूर्तीच्या हातातली वस्तू सोन्याची समजून त्यांनी मातेचा उजवा हात तोडला, तेव्हा मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि चाच्यांना पळवून लावलं. दुसरी कथा कोळ्यांची आहे. समुद्रात मूर्ती सापडेल, असं एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि तशी ती सापडलीही. पहिल्या कथेत माता टेकडीवर संकटात सापडते, दुसरीत ती समुद्रातून कोळ्याच्या हाती येते. कोळी आपल्या आईची गोष्ट सांगणार, ती पाण्यातूनच येणार.

या स्थळाच्या इतिहासातलं एक पान मात्र मराठी वाचकानं मुद्दाम वाचावं असं आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या धामधुमीत टेकडीवरचं चर्च पडलं आणि मूर्ती खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नेण्यात आली. मग १७६१ च्या सुमारास चर्च नव्यानं उभं राहिलं आणि मूर्ती परत आली. वांद्रे ज्या साष्टी बेटावर आहे, ते १७७४ च्या अखेरीपर्यंत मराठ्यांकडे होतं. म्हणजे मोत मावलीचं चर्च पुन्हा बांधलं गेलं ते मराठ्यांच्या अंमलात! राज्य बदललं, झेंडा बदलला, पण टेकडीवर चढणाऱ्यांची आई बदलली नाही.

पुढेही हे स्थळ एकट्या एका समाजाचं राहिलं नाही. टेकडीवर येणाऱ्या जुन्या पायऱ्यांना एका पारशी दात्याचं नाव आहे, ‘देग्राव द बोमनजी’, म्हणजे बोमनजींच्या पायऱ्या. माहीमहून येणाऱ्या भाविकांना पूर्वी खाडी होडीनं ओलांडावी लागे. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि लोकांकडून टोल घ्यायचा नाही, अशी अट घातली. जत्रेची वाट त्या रस्त्यानं सोपी झाली. आजची दोन मनोऱ्यांची दगडी वास्तू १९०४ सालची आहे. तिचा आराखडा शापूरजी चांदाभॉय या मुंबईच्या वास्तुविशारदाचा आणि खर्च सुमारे एक लाख रुपये. १९५४ मध्ये पोप पायस बारावे यांनी तिला बॅसिलिकेचा मान दिला.

मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरचा. आधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना होते आणि सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेलेल्या असतात आणि अनेकदा शेजारच्या गल्लीत गणपती बसलेले असतात. इंग्रजी, मराठी, कोकणी, हिंदी अशा भाषांत मिस्सा होतात. बेस्ट जादा बस सोडते. रांगेत नऊवारी नेसलेली कोळीण असते, गोव्याचं कुटुंब असतं, कपाळाला कुंकू लावलेली मावशी असते, पारशी आजोबा असतात.

पायऱ्यांच्या आणि रस्त्याच्या कडेला मेणाची दुकानं लागतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय घेतो, ज्याला घर हवं तो मेणाचं घर. मूल हवं असलेलं जोडपं मेणाचं बाळ हातात धरून चढतं. हा नवसच आहे, आपल्या जत्रांत चांदीचे डोळे आणि लाकडी पाळणे वाहतात तसा. आदिलाबादकडच्या केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जाणाऱ्या किंवा एकवीरेचा डोंगर चढणाऱ्या माणसाला इथे काहीच परकं वाटणार नाही. दर्शन झालं की चणे, खजूर, हलवा आणि कडियो-बोडियो हा गोड खाऊ पिशवीत घेऊन माणसं उतरतात.

या टेकडीभोवती रनवार, चुईम, शेर्ली, चिंबई ही जुनी गावठाणं आहेत. इथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती १८८७ पासून हे नाव लावतात, पण त्यांची मूळ बोली मराठीच आहे. गावठाणांतली लाकडी जिन्यांची, कौलारू घरं एकेक करून पडत आहेत. चिंबईत होड्यांना जागा कमी पडते आहे. चर्चची वास्तू दगडी आहे, ती टिकेल. पण जिनं या मातेला ‘मावली’ म्हटलं, ती बोली आणि ती बोलणारी वस्तीही टिकली पाहिजे. नाहीतर पाटीवर फक्त ‘माउंट मेरी’ उरेल.

वांद्रे स्टेशनवरून बस आणि रिक्षा थेट वर जातात. आदिलाबाद-नांदेडकडून येणाऱ्यांना मुंबईपर्यंत नंदिग्राम एक्सप्रेस आहे. गर्दी सोसत असेल तर जत्रेत या, निवांतपणा हवा असेल तर एखाद्या साध्या दिवशी सकाळी या. मात्र शेवटचा टप्पा पायऱ्यांनी चढा. वर पोहोचल्यावर आधी समुद्राकडे पाहा आणि मग आत जा. कोळ्यांनी तिला मावली का म्हटलं, ते तिथे सांगावं लागत नाही.