आकाशातले इंटरनेट आणि एटापल्लीचा पावसाळा

महाराष्ट्र शासन आणि स्टारलिंक यांच्यात ५ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या इरादापत्रात दुर्गम भागांतील शासकीय संस्थांना व ग्रामीण वस्त्यांना उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरवण्याचा मानस नोंदवला गेला आणि गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम या जिल्ह्यांची नावे पुढे आली. तेव्हापासूनची बहुतेक चर्चा एलॉन मस्क, जोडणीचा दर आणि 'देशातील पहिले राज्य' हा मान यांच्याभोवती फिरत राहिली आहे. दक्षिण गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्याच्या दृष्टीने मात्र या बातमीतील कळीचा प्रश्न वेगळाच आहे: मृगापासून हस्तापर्यंतच्या ज्या दिवसांत नाले भरून गावांचा संपर्क तुटतो, त्या दिवसांत आकाशातून येणारा हा दुवा रोज किती तास चालू राहील?

गरजेविषयी वाद नाही. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत, म्हणजे चौरस किलोमीटरमागे अवघी ७४ आहे. इतक्या विरळ वस्तीत मोबाइलचा मनोरा उभारण्याचा खर्च ग्राहकांकडून वसूल होत नाही, त्यामुळे खासगी कंपन्या तालुक्याच्या ठिकाणाजवळ थांबतात आणि पुढचा भार बीएसएनएलवर व केंद्राच्या योजनांवर पडतो. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील २४,६८० गावांपर्यंत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले, ते याच कारणाने. एटापल्ली तालुक्यातील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या पट्ट्यात एसटीची बस सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी. जेथे बस पोचायला स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षे लागली, तेथे जमिनीखालून काचतंतूची तार नेणे आणि ती वर्षानुवर्षे शाबूत राखणे किती अवघड आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरीकडे शासनाचे दैनंदिन व्यवहार मात्र नेटवर्क गृहीत धरून आखले जात आहेत. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी मोबाइलच्या अॅपवर छायाचित्रासह घेतली जाते, रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा द्यावा लागतो आणि अंगणवाडी सेविकेला बालकांच्या वजनाची नोंद पोषण ट्रॅकरवर चढवावी लागते. कामाच्या जागी काढलेले छायाचित्र फोनमध्ये राहते, पण ते वर जाण्यासाठी सिग्नल मिळणारी टेकडी किंवा रस्त्याचे वळण गाठावे लागते; आणि तेथवर पोचणे जमले नाही तर कामावर आलेल्या माणसाची मजुरीच अडकते. म्हणून उपग्रहाचा दुवा हा जंगलातील गावांसाठी चैनीचा नव्हे, हक्क बजावण्याचा विषय आहे.

उंची कमी केल्याचा लाभ

उपग्रहाद्वारे संदेशवहन ही नवी गोष्ट नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात इस्रोने नासाच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत केला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे सुमारे तीन मीटर व्यासाचे अँटेना त्यासाठी बनवले गेले आणि त्या काळच्या मध्य प्रदेशातील रायपूर, दुर्ग, बिलासपूर हे भाग त्यात होते, म्हणजे हा प्रयोग गडचिरोलीच्या शेजारापर्यंत येऊन गेला होता. तो उपग्रह भूस्थिर होता, अर्थात विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे जमिनीवरून स्थिर भासणारा. एवढ्या उंचीवरून दूरचित्रवाणी उत्तम दिसते. संभाषणात मात्र अडचण येते, कारण प्रश्न वर जाऊन खाली येणे आणि त्याचे उत्तर त्याच मार्गाने परत येणे यात प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद जातो.

स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असल्यामुळे हा प्रवासाचा वेळ हजारांश सेकंदांत मोजण्याइतका कमी होतो आणि डॉक्टरांशी चित्रसंवाद साधताना बोलणे तुटक होत नाही. याची किंमत अशी की इतक्या खाली असलेला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो, साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतो आणि एका गावाच्या माथ्यावरून काही मिनिटांत निघून जातो, त्यामुळे एक-दोन उपग्रहांनी भागत नाही, हजारो लागतात.

या सेवेसाठी छपरावर बसवलेली छोटी अँटेना-पाटी या धावत्या उपग्रहांचा माग कसा ठेवते, हा या तंत्रातील सर्वांत देखणा भाग आहे. जुन्या थाळीप्रमाणे ती फिरत नाही. तिच्या आत हजाराहून अधिक चिमुकले अँटेना ओळीने बसवलेले असतात आणि प्रत्येकाला मिळणारा विद्युत-संकेत सेकंदाच्या अत्यल्प अंशाने मागेपुढे केला जातो. गावतळ्यात शेजारीशेजारी टाकलेल्या खड्यांच्या लाटा कोठे एकमेकींना उचलून धरतात आणि कोठे मारून टाकतात, त्याचप्रमाणे या अँटेनांच्या लहरी एका ठरावीक दिशेनेच एकवटतात, आणि विलंबाचे प्रमाण बदलले की ती दिशाही तत्क्षणी बदलते. या रचनेला 'फेज्ड अॅरे' म्हणतात. लढाऊ विमानांच्या व युद्धनौकांच्या रडारमध्ये अनेक दशके वापरली गेलेली ही महागडी विद्या तीन किलो वजनाच्या घरगुती उपकरणात उतरली, हे या काळातील अभियांत्रिकीचे मोठे यश आहे आणि त्याचे कौतुक हातचे राखून करण्याचे कारण नाही.

पान, पाऊस आणि बॅटरी

एटापल्लीत अडचण सुरू होते ती पाटीच्या वर. या पाटीला चोख कामासाठी १०० अंशांहून रुंद मोकळे आकाश लागते आणि तेवढ्या शंकूत एखादी फांदी आली तरी, उपग्रह तिच्या आड जाताच, दुवा काही सेकंद तुटतो. ओल्या पानांतील पाणी या लहरी शोषून घेते. त्यात भूगोलाची एक बाब भर घालते. स्टारलिंकचे पुष्कळसे उपग्रह विषुववृत्ताशी ५३ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षांत फिरत असल्यामुळे त्यांची दाटी युरोप व कॅनडाच्या अक्षांशांवर होते; एटापल्ली साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तेथील आकाशात एका वेळी दिसणारे उपग्रह तुलनेने कमी असतात. एक झाडाआड गेला तर दुसरा चटकन मिळण्याची शक्यता तेवढी घटते.

जंगल तेच राहिले तरी ऋतूनुसार आकाश बदलते, हे पाहणी करणाऱ्या तंत्रज्ञांनी विशेष लक्षात घ्यायला हवे. या भागातील सागवान उन्हाळ्यापूर्वी पाने गाळतो आणि मार्चमध्ये आश्रमशाळेच्या आवारातून आकाश निरभ्र व मोकळे दिसते. त्या दिवशी घेतलेली चाचणी उत्तम गुण देईल आणि तीच जागा जुलैमध्ये हातभर रुंद पानांनी झाकलेली असेल. मोहाचे झाड तोडून वाट मोकळी करणे हा उपाय येथे विचारात घेण्याजोगाही नाही, कारण फुले आणि टोळी (मोहाची फळे) या दोन्हींमुळे ते घराच्या मिळकतीचा भाग असते. त्यामुळे पाटी कोठे बसवायची हा निर्णय पावसाळ्यातील पाहणीवरच व्हायला हवा आणि बहुतेक ठिकाणी उंच खांबाचा खर्च आधीच धरायला हवा.

पावसाचा परिणाम याहून थेट आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते आणि जोरदार सरीतील काही मिलिमीटरचे थेंब त्यांची ऊर्जा शोषून आणि विखरून टाकतात. यंत्रणा अशा वेळी वेग कमी करून दुवा टिकवण्याचा प्रयत्न करते, पण ढगफुटीसदृश पावसात तो काही मिनिटे पूर्ण तुटू शकतो. हा दोष सहन करण्याजोगा आहे, कारण सर ओसरली की दुवा परत येतो. वीज गेली तर मात्र तो परत येत नाही.

म्हणून सर्वांत साधे गणित सर्वांत महत्त्वाचे ठरते. प्रमाणित आकाराची पाटी सरासरी ७५ ते १०० वॅट वीज घेते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या नेहमीच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास ऊर्जा मावते; शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर त्यातील निम्मीच वापरावी लागते आणि इन्व्हर्टरमधील गळती वजा जाता हाती उरते ती जेमतेम एका रात्रीपुरती. आषाढ-श्रावणात लाइन तुटली की ती जोडायला कर्मचाऱ्याला पूर उतरण्याची वाट पाहावी लागते, सौर पॅनेल ढगाळ दिवसांत क्षमतेचा लहानसा अंशच देते आणि अशा सलग चार दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या छपरावरची पाटी निर्जीव होते. उपाय अवघड नाही: २५ ते ४० वॅटवर चालणारी लहान पाटी, ती ठरावीक तासच चालू ठेवण्याची शिस्त, आणि उन्हाळ्याच्या नव्हे तर श्रावणाच्या उन्हावर बेतलेले पॅनेल. परंतु हे उपाय निविदेच्या कागदात आधीच लिहिलेले असावे लागतात.

लाडबोरीचा धडा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांनी अवकाश-तंत्रज्ञानाची दुसरी बाजू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळत्या गोळ्यांची एक लांब रांग सरकत गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली. त्याच तालुक्यात पवनपार परिसरात एक गोलाकार टाकीही सापडली. अवकाश-कचऱ्याच्या नोंदी ठेवणारे हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ व मार्ग जुळवून पाहिला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या 'चँग झेंग ३बी' रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे सांगितले. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी सिंदेवाहीला येऊन अवशेषांची पाहणी केली.

स्टारलिंकचे उपग्रह खाली येताना पूर्ण जळून जावेत अशा बेताने बनवलेले असतात आणि लाडबोरीसारखी रिंग त्यांच्यापासून पडण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येकाचे आयुष्य सुमारे पाच वर्षांचे असते, म्हणजे हजारो उपग्रह सतत जाळायचे आणि सतत नवे सोडायचे, यावर ही सेवा उभी आहे. २०२४ मध्ये 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने २५० किलो वजनाच्या एका उपग्रहाच्या ज्वलनातून सुमारे ३० किलो अॅल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण तयार होतात असे दाखवले असून, ओझोनच्या थरावर त्यांचा परिणाम काय होईल, हा गंभीर संशोधनाचा विषय झाला आहे. शिवाय एकाच कंपनीवर विसंबण्याचा धोका आहेच: २४ जुलै २०२५ रोजी सॉफ्टवेअरमधील बिघाडाने स्टारलिंकची जगभरातील सेवा सुमारे अडीच तास बंद पडली होती. भारताचा स्वतःचा जीसॅट-एन२ हा ४८ गिगाबिट क्षमतेचा इंटरनेट-उपग्रह नोव्हेंबर २०२४ पासून आकाशात आहे. तो भूस्थिर असल्यामुळे विलंब अधिक असला तरी हजेरी, रेशन आणि नोंदी चढवणे या कामांना अर्ध्या सेकंदाने काहीही बिघडत नाही, तेव्हा आरोग्य केंद्रासाठी एक आणि पंचायतीसाठी दुसरा अशी विभागणी करणे शहाणपणाचे होईल.

लाडबोरीच्या घटनेतून शिकण्यासारखे आणखी एक आहे. त्या रात्री देशाच्या प्रयोगशाळांच्या आधी माहिती गोळा केली ती गावकऱ्यांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींनी, आणि चंद्रपूरच्या स्काय वॉच ग्रुपचे सुरेश चोपणे यांच्यासारख्या हौशी आकाशनिरीक्षकांनी ती घटना लोकांना समजावून सांगितली. हौशी माणसाने वेळ, दिशा आणि जागा नेमकी लिहून ठेवली की ती नोंद शास्त्राच्या कामी येते, हे तेव्हा सिद्ध झाले. आकाशातील इंटरनेटच्या बाबतीत हीच सवय आता गावागावांत उपयोगी पडणार आहे.

'साइट'च्या वेळी इस्रोने संच वाटून हात झटकले नव्हते, दुरुस्तीसाठी क्षेत्रीय केंद्रे चालवली होती. एटापल्लीतही पाटी बसवण्याइतकेच महत्त्व तिची देखभाल करणाऱ्या स्थानिक तरुणाला द्यावे लागेल. आयटीआय झालेला, माडिया बोलणारा, नाला भरलेला असताना गावाच्याच तीरावर असणारा असा एक प्रशिक्षित माणूस प्रत्येक केंद्रामागे पगारावर नेमला जायला हवा. इरादापत्राचे रूपांतर करारात करताना शासनाने वेगाच्या आकड्यांऐवजी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सेवा रोज किती तास चालू राहिली, हा निकष कंपनीला लावावा, ती तासांची नोंद शाळेतील शिक्षक आणि ग्रामसभा यांनी वहीत ठेवावी, दरमहा ती पंचायतीच्या फलकावर लागावी आणि देयक त्या नोंदीवरूनच निघावे. उद्घाटने साधारणपणे कोरड्या दिवसांत होतात. पहिल्या पावसाळ्यातील ही नोंद हाती आल्याशिवाय या योजनेला यशस्वी म्हणू नये.